कोड उघडायचीच इच्छा होत नाही तेव्हा

"कोडिंगमध्ये आता मन लागत नाही" असं म्हणणारे चार जण एकत्र बसवले तर चौघांची तक्रार वेगळी निघते. एकाला महिनोन् महिने रात्री दोन वाजता अलर्ट येतायत आणि झोपेचं खोबरं झालंय. दुसऱ्याला काम इतकं सोपं झालंय की तेच फॉर्म आणि तीच टेबलं तो डोळे मिटून बनवतो. तिसरी जे बनवतेय तेच तिला पटत नाहीये. आणि चौथ्याला खरं तर कंटाळा आलेलाच नाही, त्याला भीती वाटतेय, पण तसं म्हणायची लाज वाटते म्हणून तो "मूड नाही यार" म्हणून मोकळा होतो. आता या चौघांनाही मिळणारा सल्ला एकच. सुट्टी घ्या, नवीन लँग्वेज शिका, साइड प्रोजेक्ट करा. थकून गेलेल्या माणसाला साइड प्रोजेक्ट सांगणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, आणि ज्याला काम सोपं झालंय तो आठवडाभर सुट्टी घेऊन आला तरी सोमवारी परत तोच फॉर्म आणि तेच टेबल.

गडबड कुठे होते तर आपण मोटिव्हेशनला पेट्रोल समजतो, की संपलं म्हणजे भरायचं, व्हिडिओ बघून भरायचं नाहीतर फिरून येऊन भरायचं. पण ते काम, झोप, आजूबाजूची माणसं, भीती, पैसा या सगळ्यातून आपोआप तयार होणारं काहीतरी आहे, त्यामुळे ते गेलं असेल तर यातलं नेमकं काय बिघडलंय हे शोधल्याशिवाय उपाय करण्यात अर्थ नाही.

आधी मुळात कोडिंग आवडायला का लागतं ते बघू. सुरुवातीला तुम्ही एक ओळ लिहिता, रन करता आणि दोन सेकंदात कळतं चाललं की नाही. इतक्या पटकन उत्तर देणारी कामं जगात फार कमी आहेत. वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की डोपामाइन (मेंदूतलं एक रसायन) बनवणाऱ्या पेशी जोरात पेटायच्या, पण दर वेळी आधी दिवा लागतो आणि मग ज्यूस मिळतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्यालाच पेटायच्या आणि ज्यूस मिळाल्यावर ढिम्म. आणि दिवा लागूनही ज्यूस मिळाला नाही तर नेहमीपेक्षाही खाली जायच्या. म्हणजे त्या पेशींना बक्षिसापेक्षा अपेक्षेपेक्षा जास्त काहीतरी मिळण्याशी देणंघेणं असतं.

याच नजरेने करिअरकडे बघा. पहिल्या वर्षी पहिली एपीआय (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायला लावणारा कोड) चालली तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून कुणाला तरी दाखवायला गेला असाल. सातव्या वर्षी तीच एपीआय चालली तर काय, चालणारच होती, आणि नाही चालली तर मात्र डोकं फिरतं, शिवाय कबूल केलेलं प्रमोशन पुढे ढकललं गेलं असेल तर तो दिवा लागून ज्यूस न मिळाल्याचाच प्रकार. त्यामुळे "मला पहिल्यासारखं वाटत नाही" एवढ्यावरून आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं समजू नका. पहिल्यासारखं कुणालाच वाटत नाही. दहा-पंधरा वर्षं ज्यांचं काम आवडीने चाललंय त्यांची आवड बहुतेक वेळा दुसऱ्या कशावर तरी सरकलेली असते. कुणाला सिस्टिमचं डिझाइन आवडायला लागतं, कुणाला ज्युनियर मुलांना शिकवणं, कुणाला नको असलेला कोड डिलीट करणं (हे शेवटचं ज्यांना आवडतं ती माणसं टीममध्ये असावीतच).

दुसरी गोष्ट पैशाची. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मध्येच एका सत्रात दर सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या सत्रात पैसे बंद केले, तर त्या मुलांनी मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं आधीपेक्षा कमी केलं. आधी तीच मुलं मजा म्हणून सोडवत होती! या प्रयोगावर पुढे बरेच वाद झाले, सगळ्याच प्रकारच्या पैशाने असं होत नाही हेही दिसलं, पण बक्षीस दाखवून माणसाला नाचवतायत असं वाटलं की आतली आवड मरते एवढं बऱ्यापैकी टिकून राहिलंय. हौसेने कोडिंग शिकलेल्यांना नोकरीत दोन-चार वर्षांनी जे होतं त्याचा यात बराच भाग असतो, कारण पगारासोबत रेटिंग येतं, टार्गेट येतं, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे अंदाजाने दिलेले आकडे) येतात. पगार घ्यायलाच हवा हो, पण स्टोरी पॉइंटने कुणाची कामाची आवड वाढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर आख्खी थिअरी उभी केली आणि ती आपल्या कामाला चपखल बसते. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात असं ते म्हणतात. आपलं आपण ठरवायची मुभा, आपल्याला हे जमतंय ही जाणीव आणि माणसांशी नातं. आता एक साधा दिवस आठवून बघा. टिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, कुणीतरी लिहिलंय, फ्रेमवर्क कुणीतरी निवडलंय, तारीख तर क्लायंटला आधीच सांगून झालीय आणि मग तुम्हाला विचारतात "एस्टिमेट काय?" म्हणजे मुभा गेली. रोज नवीन टूल येतंय आणि आपण मागे पडलो असं वाटतंय, म्हणजे जमतंय ही जाणीव गेली. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, सगळ्यांचे कॅमेरे बंद आणि आठवडाभरात कामाशिवाय एक वाक्य कुणाशी बोललेलं नाही, म्हणजे तिसरीही गेली. तीनपैकी एक जरी शाबूत असली तरी माणूस बरीच वर्षं तग धरतो, टीम भारी होती म्हणून भंगार प्रोजेक्टवर राहिलेले लोक तुम्हीही बघितले असतील. तिन्ही गेल्या की मग कुठलाही व्हिडिओ कामाचा नाही.

आणि यात एक गोष्ट अशी आहे जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते पण तिच्याबद्दल कमी बोललं जातं. काम पुढे सरकतंय हे दिसणं. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोज छोट्या डायऱ्या लिहून घेतल्या, जवळपास १२,००० नोंदी जमल्या, आणि लोकांचे चांगले दिवस तपासले तर सगळ्यात जास्त वेळा कारण निघालं की त्या दिवशी महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडी का होईना प्रगती झाली होती. मॅनेजर लोकांना विचारलं की माणसं कशाने पेटून उठतात, तर दिलेल्या पाच पर्यायांत त्यांनी प्रगतीला शेवटचा नंबर दिला. बघा म्हणजे.

प्रगती कशी अडते हे जरा जवळून बघू. टिकीट आहे, रिपोर्टमध्ये तारीख एक दिवस मागची दिसते. तुम्ही शोधता, टाइमझोनचा घोळ आहे, दोन ओळींचा बदल. मस्त वाटतं. मग बिल्ड (सगळा कोड जोडून त्याच्या टेस्ट आपोआप चालवणं) लावता, ते चालतं चांगलं पंधरा-वीस मिनिटं आणि शेवटी ज्याचा तुमच्या बदलाशी काही संबंध नाही अशी एक टेस्ट फेल होते, जी अधूनमधून अशीच फेल होते हे सगळ्यांना माहिती आहे पण कुणी नीट करत नाही. परत लावता. तोपर्यंत हातात फोन आलेला असतो. हिरवं झालं, पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) टाकली, रिव्ह्यू करणारा सुट्टीवर. तीन दिवसांनी कमेंट येते की व्हेरिएबलचं नाव बदला. बदलता, तर मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी तीच फाइल हलवलीय, मर्ज कॉन्फ्लिक्ट. तो सोडवता. मग कळतं की रिलीज पुढच्या महिन्यात. ज्या माणसाला ती चुकीची तारीख दिसत होती त्याचं "झालं बरं का, थँक्यू" तुमच्यापर्यंत कधीच येत नाही. दोन सेकंदात उत्तर देणारं काम बघता बघता महिन्यावर गेलं, आणि आपण स्वतःला आळशी म्हणत बसतो.

असं असेल तर उपाय बराचसा तांत्रिक आहे आणि म्हणूनच तो मला आवडतो. ती अधूनमधून फेल होणारी टेस्ट नीट करायला एक दिवस मागून घ्या. बदल छोटे करा, दीडशे ओळींची पुल रिक्वेस्ट लोक वाचतात, दीड हजार ओळींची लोक पुढे ढकलतात. टीममध्ये ठरवा की सकाळी आपलं काम सुरू करायच्या आधी दुसऱ्याचा रिव्ह्यू उरकायचा. आणि शक्य असेल तर सपोर्टच्या एखाद्या कॉलवर गप्प बसून ऐका, आपला कोड वापरणारा माणूस खरंच कुठे अडतो ते ऐकलं की पुढचे काही दिवस त्या टिकिटाकडे बघायची नजर बदलते.

आता थकवा. बर्नआउट हा शब्द आपण साध्या कंटाळ्यालाही लावतो, पण मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून त्याचे तीन भाग सांगितलेत. पार पिळून निघाल्यासारखा थकवा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल आलेला कडवटपणा, आणि आपण काहीच धड करत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत बर्नआउट जवळपास याच तीन खुणांनी मांडला आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. यातला कडवटपणा ओळखायला शिका, कारण थकवा सगळ्यांनाच कळतो पण कडवटपणा आपल्याला स्वतःचा हुशारपणा वाटतो. नवीन आलेल्या मुलाने उत्साहाने काही सुचवलं की "हो हो, कर, बघू किती दिवस टिकतंय" असं तोंडातून निघायला लागलं, युजरला मनातल्या मनात मूर्ख म्हणायला लागलात, की समजा.

इथे सुट्टीचा उपयोग होतो पण लोकांना वाटतो तितका नाही. सुट्टीने बरं वाटतं हे खरं, पण कामावर परतल्यावर तो परिणाम फार पटकन, काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत विरून जातो असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय, कारण ज्या गोष्टीने थकवलं ती तिथेच बसून वाट बघत असते. ऑन-कॉलची पाळी, म्हणजे रात्री-अपरात्री अलर्ट आला तर उठायची पाळी, दर दोन आठवड्यांनी येत असेल तर ती चारवर नेणं हे कुठल्याही सहलीपेक्षा मोठं औषध आहे. दुसरं म्हणजे रोज संध्याकाळी डोक्यातून काम खरंच उतरतंय का. साबीन सोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ बाईंचं बरंच काम यावर आहे, की घरी गेल्यावर मनानेही कामापासून लांब गेलेल्यांची झीज भरून निघते, नुसतं लॅपटॉप मिटून चालत नाही. फोनवर ऑफिसचं चॅट चालू असेल तर मन तिथेच असतं, मेसेज आला नाही तरी. ज्या दिवशी पाळी नाही त्या दिवशी ते नोटिफिकेशन बंद करणं हा गुन्हा नाहीये.

भीतीवाल्या माणसाचं मात्र वेगळं, आणि माझ्या मते "मूड नाही" म्हणणाऱ्यांत ही मंडळी आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. एक फाइल असते. नऊशे ओळींचं एकच फंक्शन, वर कमेंट "कृपया हात लावू नका", गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) बघितलं तर शेवटचा बदल करणारा माणूस कधीच सोडून गेलेला आणि त्याचा कमिट मेसेज नुसता "फिक्स". या फंक्शनमध्ये बदल करायचाय. तुम्ही सकाळी मेल बघता, मग दुसऱ्याचे रिव्ह्यू करता, मग डेस्कटॉपवरच्या फाइल्स लावता, मग एडिटरची थीम बदलता. दिवस गेला. रात्री वाटतं माझा इंटरेस्टच संपलाय. अहो, इंटरेस्ट संपला असता तर दिवसभर टाळायला एवढी मेहनत कशाला घेतली असती? टाळाटाळ हा बऱ्याचदा आळसापेक्षा नको असलेल्या भावनेपासून पळण्याचा प्रकार असतो.

याला उपाय एकच, पाऊल इतकं छोटं करायचं की घाबरायला जागा राहणार नाही. आज बदल करायचाच नाही. अर्धा तास फक्त वाचायचं आणि कागदावर लिहायचं की यात काय आत जातं आणि काय बाहेर येतं. उद्या आत्ता ते जसं चालतं तसंच पकडून ठेवणारी एक टेस्ट लिहायची, चूक की बरोबर ते नंतर. परवा दुसरी. चौथ्या दिवशी हात लावायचा. आणि अडलं तर "मला हे कळत नाहीये, अर्धा तास सोबत बसशील का" असं विचारायचं, सीनियर झाल्यावर हे वाक्य फार जड जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. मूड आला की काम करू असं आपण म्हणतो, पण डिप्रेशनवर वापरली जाणारी एक उपचारपद्धतच याच्या उलट चालते. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सन वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींच्या कामातून ती पुढे आली, त्यात मूडची वाट न बघता आधी छोटी कृती ठरवून करायची आणि मूड मागून येऊ द्यायचा. कोडिंगमध्ये यासाठी एक जुनी युक्ती आहे, संध्याकाळी उठताना एक टेस्ट मुद्दाम फेल होणारी ठेवून उठायचं, म्हणजे सकाळी कुठून सुरू करू हा प्रश्नच येत नाही, लाल दिसतंय ते हिरवं करायचं.

एआय टूल्समुळे एक नवीनच प्रकार सुरू झालाय. ज्याला कोड लिहिण्यातच मजा यायची त्याच्या वाट्याला आता लिहिलेलं तपासणं आलंय, म्हणजे आवडता भाग मशीनकडे आणि नावडता आपल्याकडे. आणि वेग वाढतोच असंही नाही. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या कोडवर २४६ कामं दिली, तर एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण २० टक्के फास्ट झालो. टूल्स तेव्हापासून बदललीत, कामाप्रमाणे निकालही बदलेल, पण आपल्या कामाबद्दलचा आपला अंदाज किती चुकू शकतो हे यातून कळतं. माझं मत सांगतो, ज्या भागात तुमचा जीव रमतो तो भाग हाताने लिहा, कॉन्फिग फाइल्स आणि त्याच त्या टेस्टचा सांगाडा खुशाल मशीनला द्या.

ज्याला काम पटत नाही त्याच्याबद्दल थोडक्यात. सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण मुद्दाम चार पानं आत लपवायचं टिकीट तुमच्याकडे आलं आणि ते केल्यापासून कशातच लक्ष लागत नाही, तर ते बरोबरच आहे, मन ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे. त्यावर कुठल्याही सवयींचा उपयोग नाही, प्रॉडक्ट बदला, टीम बदला नाहीतर कंपनी बदला.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधी तपासायची. मन फक्त कोडमधून उडालंय की सगळ्यातूनच? मित्रांचा फोन घ्यावासा वाटत नाही, आवडतं गाणंसुद्धा बेचव लागतं, झोप आणि भूक बिघडलीय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त जवळजवळ रोज चाललंय, तर हा करिअरचा प्रश्न नाही, डॉक्टरकडे जायचा प्रश्न आहे. डिप्रेशन असू शकतं, थायरॉइड, रक्तातलं लोह किंवा बी १२ कमी असणं हेही असू शकतं, आणि या सगळ्यावर उपचार आहेत. जगणंच नको असे विचार येत असतील तर अजिबात थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांशी बोला.

आपण यातले नेमके कोण हे कळत नसेल तर दोन आठवडे रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहा. आज कुठल्या कामात वेळेचं भान राहिलं नाही आणि कुठल्या कामाच्या आधी पोटात गोळा आला. ॲप वगैरे नको, साधी टेक्स्ट फाइल पुरे. दोन आठवड्यांनी वाचलं की बऱ्याचदा एकच नाव, एकच मीटिंग नाहीतर एकच मॉड्यूल सारखं सारखं दिसतं, आणि मग आख्ख्या करिअरवर काढत असलेला राग एका गुरुवारच्या मीटिंगवर येऊन थांबतो.

मग मॅनेजरशी बोलता येतं. "माझं मोटिव्हेशन गेलंय" असं सांगितलं तर तो बिचारा काय करणार, तो तुम्हाला एखादं ट्रेनिंग देईल. त्यापेक्षा "गेल्या दोन महिन्यांत मी पाच वेगवेगळ्या मॉड्यूलवर अर्धी अर्धी कामं केलीत, पुढचे दोन महिने मला एकच मॉड्यूल सुरुवातीपासून रिलीजपर्यंत द्या" असं म्हटलं तर त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. नाही म्हणाला तरी तुम्हाला काहीतरी कळलंच.

फील्डच सोडावं का, हा प्रश्न शेवटी येतोच. माझी कसोटी अशी की आधी नीट झोप भरून काढा आणि मग एखाद्या निवांत दिवशी स्वतःसाठी, कुणालाही न दाखवता, एक फालतू स्क्रिप्ट लिहा, फोटोंची नावं बदलणारी वगैरे. त्यात हात रमले तर फील्ड ठीक आहे, नोकरी बिघडलीय. अनेकदा करूनही काहीच वाटलं नाही तर टेस्टिंग, डेटा, टेक्निकल लेखन, प्रॉडक्ट असे शेजारचे रस्ते आहेत, आतापर्यंत शिकलेलं तिथे वाया जात नाही. आणि काही लोक प्रामाणिकपणे आठ तास काम करतात, पगार घेतात आणि त्यांचा जीव तबल्यात नाहीतर पोरांमध्ये असतो, त्यांना पॅशन नाही म्हणून नावं ठेवायचं काहीच कारण नाही. नोकरी बदलायचीच ठरली तर इंटरव्ह्यूत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा कंपनीचं कल्चर कसं आहे हे विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे छानच असतं. एक पुल रिक्वेस्ट टाकल्यापासून लाइव्ह जायला किती दिवस लागतात, गेल्या महिन्यात ऑन-कॉलवाल्याला रात्री किती वेळा उठावं लागलं आणि एस्टिमेट नेमकं कोण देतं, हे तीन विचारा.